धोबीतलावावरील जपमाळ

मुंबईत धोबीतलावाजवळ जेर महाल नावाची जुनी इमारत आपण पाहिली असेल. तिच्यात गोव्यातील गावोगावचे क्लब आहेत. गोवेकर त्यांना ‘कूड’ म्हणतात. बोटीवरची नोकरी शोधणारा गावचा तरुण तेथे अल्प भाड्यात उतरे. एक पेटी आणि रात्रीपुरती पथारी, एवढाच त्याचा संसार. संध्याकाळी मात्र वेदीपुढे जपमाळेच्या प्रार्थनेस त्याने हजर राहिलेच पाहिजे, असा दंडक असे. जाचक खराच, पण दूर गावी काळजी करणाऱ्या आईला त्याचाच आधार!

आणि बाहेर ही अचाट नगरी! कोंकणी तियात्र रंगभूमीवर प्रथम आले तेही गोव्यात नव्हे, येथेच, १८९२ साली. चर्चमध्ये स्तोत्रांसाठी गिरवलेली स्वरलिपी येथे हॉटेलांतील जॅझला आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदाला उपयोगी पडली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस १९४३ मध्ये मुंबईस आले. १९५८ साली सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या पटांगणात त्यांनी पाश्चात्त्य वाद्यवृंदाकडून हिंदुस्थानी राग वाजवून घेतले. व्हायोलिनवादक प्यारेलाल त्यांचेच शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गाण्यात गुरूचे नाव आले ते त्यामुळेच.