डुकराचा क्रीपर आणि विहिरीतल्या आसरा

दिवाळीच्या सुट्टीत मराठवाड्यातल्या चाकूरला बहिणीकडे गेलो होतो. सोयाबीनची रास होऊन गेलेली, कट्ट्यांची थप्पी ओसरीवर लावलेली, आणि त्या थप्पीवर चढून आठवीतला भाचा मोबाइलमध्ये मान घालून बसलेला. मी जवळ गेलो तसा त्याने घाईने स्क्रीन खाली वळवली. म्हणाला, "मामा, ह्याच्या डोळ्यात बगायचं नाई. बगितलं की मागं लागतंय."

खेळ होता माइनक्राफ्ट. चौकोनी ठोकळ्यांचे जग, ठोकळ्यांची झाडे, ठोकळ्यांचा सूर्य. त्यात अंधार पडला की राक्षस निघतात. डोळ्यांत बघायचे नाही असा जो होता, तो एंडरमन : काळाकभिन्न, बांबूसारखा उंच, लांब हातांचा, जांभळ्या डोळ्यांचा. तो ठोकळा उचलून इकडून तिकडे नेतो, क्षणात नाहीसा होऊन दुसरीकडे उगवतो, आणि पाण्याचा थेंब लागला तरी भाजल्यासारखा पळतो. मी सहज विचारले, हा आला कुठून? भाच्याने मोबाइल बाजूला ठेवला. मोबाइल आपणहून बाजूला ठेवलेला मी सुट्टीभरात पहिल्यांदाच पाहिला. मग पाऊण तास तो बोलत होता.

त्याचे म्हणणे असे. माइनक्राफ्टच्या जगात खेळणारा एकटा असतो, पण जिकडेतिकडे पडके वाडे सापडतात. जमिनीखाली किल्ले, त्यांत ग्रंथालये, ओस पडलेल्या खाणी, वाळवंटातली देवळे. ते बांधणारे लोक कुठेच नाहीत. किल्ल्याच्या पोटात एक दरवाजा आहे. त्याच्या चौकटीत बारा डोळे बसवले की 'एंड' नावाच्या दुसऱ्या जगात जाता येते. तिथे काळे आभाळ, एक ड्रॅगन आणि हजारो एंडरमन. भाच्याच्या मते हे एंडरमन म्हणजेच ते हरवलेले बांधकामवाले. दरवाजा उघडून तिकडे गेले, परतीची वाट सापडली नाही, तिथेच अडकले. खायला एकच फळ मिळे, कोरस नावाचे. ते फळ खाल्ले की माणूस बसल्या जागेवरून भलतीकडे जाऊन पडतो. पिढ्यान्‌पिढ्या तेच खाऊन त्यांच्या अंगात ती खोड मुरली. एंडमध्ये ना पाऊस ना पाणी, म्हणून पाणी सोसेना. आणि ठोकळे उचलणे? "मामा, त्यांचे हात बांधकामाचे हायेत. इसरलेत सगळं, पण हात इसरले नाईत."

हे शेवटचे वाक्य ऐकून मी जरा वेळ गप्प झालो.

अशा मांडणीला खेळणारे 'फॅन थिअरी' म्हणतात. खेळ बनवणाऱ्यांनी जे सांगितले नाही, ते खेळातल्याच खुणा जुळवून सांगायचे. एंडरमनची थिअरी माझ्या भाच्याची नव्हे, जगभर ती लाखो मुलांना पाठ आहे. मॅथ्यू पॅट्रिक नावाच्या अमेरिकन माणसाने २०११ साली यूट्यूबवर 'गेम थिअरी' नावाची मालिका सुरू केली आणि खेळांतल्या राक्षसांच्या जन्मकथा वकिलासारखे पुरावे मांडून शोधण्याचा रिवाजच पाडला. मार्च २०२४ मध्ये तो सूत्रसंचालनातून बाजूला झाला तेव्हा त्याचे व्हिडिओ बघून वाढलेली पोरे कॉलेजात पोचली होती. चाकूरच्या मुलांपर्यंत हे हिंदी व्हिडिओंतून आणि एकमेकांच्या तोंडून येते. तोंडून येताना त्यात भर पडते. हातांबद्दलचे ते वाक्य मला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळालेले नाही.

आता खरी जन्मकथा बघू. एंडरमन २०११ साली खेळात आला. त्याचा सांगाडा उसना होता 'स्लेंडर मॅन'चा. हा बिनचेहऱ्याचा उंच माणूस जून २००९ मध्ये एरिक नुडसन याने फोटोंत बदल करून घडवला होता. म्हणजे ज्याच्या उगमाबद्दल एवढे वाद, तो खेळाबाहेरच्या एका नव्या भुताचा वंशज. पण थिअरीवाल्यांकडेही एक भक्कम पुरावा आहे. एंडरमनचा आवाज उलटा करून, सूर बदलून ऐकला की त्यात 'हॅलो'सारखे इंग्रजी शब्द सापडतात. माणसाचीच वाणी मोडून तो आवाज केलेला आहे. राक्षसाच्या घशात माणसाचा शब्द अडकलेला असेल, तर तो पूर्वी माणूस होता असे कुणाला वाटणार नाही?

याहून गंमत क्रीपरची. हिरवा, बिनहाताचा, चार पायांवर उभा, न बोलता जवळ येतो आणि सुस् करून फुटतो. माइनक्राफ्टचा कर्ता मार्कुस पर्सन २००९ साली डुकराची आकृती बनवत होता. लांबीचा आकडा उंचीच्या जागी पडला आणि उंचीचा लांबीच्या. डुक्कर उभे राहिले. ते ध्यान बघून त्याला वाटले, हा राक्षस चांगला होईल. हिरवा रंग दिला, झाला क्रीपर. भाच्याला हे ठाऊक होते. "चुकून झालाय मामा, डुकरापासून." पण ते ठाऊक असूनही तो थांबला नाही. क्रीपर मांजराला का भितो, मेल्यावर त्याच्यातून बारूद का पडते, याचा शोध चालूच. माझ्या मते त्याचे बरोबर आहे. कर्त्याच्या हातून काय घडले हा एक प्रश्न, आणि त्या जगात राहणाऱ्याला काय दिसते हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा मिटत नाही.

दोन्ही प्रश्न समोरासमोर येतात ते पोकेमॉनमध्ये. हा खेळ जपानात २७ फेब्रुवारी १९९६ रोजी आला, १५१ जीव घेऊन. नावच मुळी 'पॉकेट मॉन्स्टर्स' या शब्दांचा संक्षेप. त्यातला १०४ क्रमांकाचा क्यूबोन हे लहानसे पिल्लू. आपल्या मेलेल्या आईची कवटी डोक्यावर घालून फिरते आणि आईच्या आठवणीने रडते. ११५ क्रमांकाची कांगासखान म्हणजे पोटाच्या पिशवीत पिल्लू घेतलेली मादी. मुलांनी दोघांना शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाली, क्यूबोन म्हणजे आई मेलेले कांगासखानचे पिल्लू. १९९९ साली पोकेमॉन अंडी घालू लागले. अंड्यातून क्यूबोन निघतो तेव्हा मारोवाक ही त्याची आई जिवंत समोर उभी असते. कांगासखानच्या अंड्यातून क्यूबोन कधीच निघत नाही. पुराव्याने थिअरी पडली, तरी पंचवीस वर्षे ती सांगितली जाते. डोक्यावर आईची कवटी घेऊन रडणाऱ्या पोराला एक घर मिळावे, असे ऐकणाऱ्याला वाटते म्हणून.

रात्री ओसरीवर अंथरूण टाकल्यावर माझ्या डोक्यात आमची आजी आली. तिच्याकडेही भुतांची अशीच यादी होती आणि प्रत्येकाची जन्मकथा नावातच असे. मुंज झालेला पण लग्न न झालेला मुलगा गेला की मुंजा, राहायला पिंपळावर. बाळंतपणात बाई गेली की हडळ, कुठे तिला अळवंत म्हणतात. नवऱ्याच्या आधी सवाष्ण गेली तर जखीण. पुरलेल्या धनात जीव अडकला तो समंध. भूत दिसले की पहिला प्रश्न 'कुणाचं?' असायचा, आणि उत्तरात त्या माणसाचे काय राहून गेले ते यायचे.

इंग्रजी अमलात आर. ई. एन्थोवन याने मुंबई इलाख्यातल्या अशा समजुती १९१५ साली पुस्तकात एकत्र केल्या. माहिती पुरवली होती गावोगावच्या शाळामास्तरांनी. चाकूर तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे आमच्याकडच्या मास्तरांना कुणी विचारले नाही. आमची यादी आज्यांच्या तोंडीच राहिली आणि आज्यांबरोबर चालली आहे.

पण आजीच्या यादीत मला एक गोष्ट नेहमी बोचत आली. हडळ ही कोण? बाळंतपणात योग्य वेळी मदत न मिळालेली बाई. तिच्यावर अन्याय झाला, आणि भीती वाटायची ती तिचीच. पाय उलटे, केस मोकळे, पोरांना धरते. तिच्या मरणाची कहाणी सांगून शेवटी तिलाच राक्षसीण ठरवले. भाच्याचा एंडरमन याच्या उलट वाटेने जातो. आधी राक्षस दिसतो, मग खुणा जुळवत जुळवत त्याचा माणूस सापडतो. मला ही दुसरी वाट माणुसकीची वाटते.

पहिल्या वाटेची किंमत मराठवाड्याने मोजली आहे. भानामती हा शब्द आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. घरावर दगड पडले, वाळत घातलेल्या लुगड्याने पेट घेतला, एखादी बाई अंगात आल्यासारखी ओरडू लागली की गाव कारण शोधायला निघायचे. ते शोधणे थांबायचे एखाद्या शेजारणीच्या उंबऱ्यावर. कुणी केलं, एवढे नाव ठरले की पुरावा लागत नसे. तिला दळणकांडणाला, पाणवठ्यावर कुणी उभे करत नसे, कधी मारही पडे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या भागात गावोगाव फिरून दगड कोण टाकते, पेट कोण लावते ते उघडे केले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात याच चळवळीतल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा आता महाराष्ट्रात गुन्हा आहे. राक्षसाच्या उगमाची थिअरी जिवंत माणसावर लावली की काय होते, ते आमच्या आयाबायांनी सोसलेले आहे. म्हणून भाचा 'पुरावा काय?' असे खेळातल्या भुताला विचारतो तेव्हा मला बरे वाटते. त्याच्या मित्रांत नियमच आहे : खेळात दिसले असेल तेच धरायचे, मनाचे घातले की बाद.

दुसऱ्या दिवशी आम्ही मळ्यातल्या विहिरीवर गेलो. पाऊस चांगला झालेला, पाणी वरच्या पायरीला टेकलेले. काठावर लिंबाखाली शेंदूर लावलेले सात दगड. आसरा. विहिरीला, नदीच्या डोहाला त्यांचा वास असतो, पोर एकटे दिसले की ओढून नेतात, असे आम्हाला सांगितलेले. कठडा नसलेल्या विहिरींच्या मुलखात हे सांगणे उगीच नव्हते. आसरा या शब्दाच्या मुळाशी अप्सरा हा शब्द आहे, असे मानतात.

या दगडांचा उगम शोधणारा एक माणूस मला फार जवळचा वाटतो. दामोदर धर्मानंद कोसंबी. मूळचे गोव्याचे, पेशाने गणिती. पुण्याभोवतीच्या डोंगरांतून पायी फिरून त्यांनी शेंदराच्या दगडांची नोंद केली, गावकऱ्यांना विचारत गेले. १९६२ साली आलेल्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या पुस्तकात त्यांनी पाण्याकाठच्या मावलायांची गोष्ट मांडली. साती आसरांचेच हे घराणे. कार्ल्याच्या लेण्यातल्या शिलालेखात 'मामाल' हे प्रदेशाचे नाव येते. त्याचेच पुढे मावळ झाले, आणि त्या नावामागे या पाणवठ्याच्या माताच आहेत, असा त्यांचा तर्क. म्हणजे ज्या देवींना आम्ही बुडवणाऱ्या म्हणून भ्यालो, त्यांच्या नावाने दोन हजार वर्षांपूर्वी एक मुलूख ओळखला जात होता. तर्क चुकीचाही ठरू शकतो, पण त्यांनी तो दगड, शब्द आणि शिलालेख एकमेकांशेजारी ठेवून केला. कोसंबी भाच्याला भेटले असते तर त्यांचे जमले असते.

हे सगळे मी त्याला विहिरीच्या काठावर बसून सांगितले. एंडरमनसारखेच ह्यांचे, म्हणालो. बांधणारे गेले, खुणा राहिल्या. तो ऐकत होता, पण नजर दगडांवर होती. उठून जवळ गेला, उकिडवा बसला. एकेका दगडावरून बोट फिरवत मोजले. सात भरले. मग बोटाला लागलेला शेंदूर त्याने माझ्यासमोर धरला.

"मामा, हे वलं हाय. आजच कुणीतरी लावून गेलंय." आणि तो पायवाटेवर पावलांचे ठसे शोधू लागला.