बळीराजाचा पाडवा आणि नव्या वहीचे पहिले पान

दिवाळीच्या अमावास्येला पहाटे मंदिरात निर्वाणलाडू अर्पण होतो, सायंकाळी पेढीवर वहीपूजन होते आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, नव्या कीर्दीत पहिली रक्कम पडते. याच दिवशी वीर निर्वाण संवत बदलतो आणि व्यापाऱ्यांचा विक्रम संवतही बदलतो. दोहोंत 470 वर्षांचे अंतर, पण आरंभाचा दिवस एकच. महाराष्ट्राचा शक चैत्रात बदलत असला तरी पेठेचे वर्ष कार्तिकातच उजाडते. सरकारी हिशेबाचे वर्ष 1 एप्रिलला सुरू होऊ लागल्यापासून पाडव्याची वही पुष्कळ ठिकाणी मुहूर्तापुरती उरली आहे. तरीही लाल कापडी बांधणीची ती वही विकत आणणे, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढणे आणि ‘श्री’कारांची उतरंड रचून महावीर प्रभू व गौतम गणधर यांना नमन लिहिणे अजून कोणी सोडलेले नाही.

पंचांगात मात्र या तिथीपुढे छापलेले असते ‘बलिप्रतिपदा’. साडेतीन मुहूर्तांपैकी एक असलेला हा दिवस एका पराभूत राजाच्या नावाने ओळखला जातो, आणि तो राजा कोण, हे आपल्या घरांतून क्वचितच विचारले जाते. मी ते लहानपणी विचारले होते, तेही चारचौघांत आणि चुकीच्या रीतीने.

आमच्या आजोबांचे तालुक्याच्या गावी आडत दुकान होते. पाडव्याच्या सकाळी आसपासच्या वाड्यांवरचे शेतकरी नवे धोतर, कपाळी टिळा अशा थाटात येत, गादीच्या कडेला बसत, पानसुपारी घेत आणि आपल्या खात्यावर अकरा-एकवीस रुपये ‘जमा’ करीत. वर्षाची पहिली नोंद जमेची असावी, असा दोन्ही बाजूंचा संकेत होता. त्या वर्षी ज्यांना सारे तात्या म्हणत असे एक वृद्ध शेतकरी आले आणि बसता बसता इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो, अशा अर्थाचे नेहमीचे मागणे त्यांनी हात जोडून मागितले. मी नऊ-दहा वर्षांचा. अडीच महिन्यांपूर्वीच श्रावणी पौर्णिमेला मंदिरात विष्णुकुमार मुनींची कथा ऐकलेली. मी मोठ्याने म्हणालो, “बळी तर दुष्ट होता! त्याने सातशे मुनींना जाळायला घेतलं होतं.” गादीवरचे बोलणे एकदम थांबले.

तात्यांचा बळी कोणता, हे मला पुढे वाचनातून कळले. श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधात त्याची कथा विस्ताराने आली आहे. हा प्रल्हादाचा नातू आणि विरोचनाचा पुत्र. त्याने इंद्राकडून स्वर्ग जिंकला. पुत्रांची दैन्यावस्था पाहून अदितीने पयोव्रत केले आणि तिच्या पोटी भाद्रपद शुद्ध द्वादशीला, श्रवण नक्षत्रावर, वामन जन्मला. बळीचा यज्ञ त्या वेळी नर्मदेच्या उत्तर तीरी भृगुकच्छ येथे चालू होता. भृगुकच्छ म्हणजे आजचे भरूच, शतकानुशतके समुद्रव्यापाराचे मोठे बंदर. छत्री, दंड आणि कमंडलू घेतलेला बटू यज्ञमंडपात आला. बळीने त्याचे पाय धुतले व हवे ते मागण्यास सांगितले. बटूने स्वतःच्या पावलांनी मोजून तीन पावले भूमी मागितली. एवढ्या मोठ्या दात्याकडे इतके थोडे मागावे याचे बळीला हसू आले, तेव्हा वामनाने दिलेले उत्तर आपल्या घरांत तर सहज पटावे. तीन पावलांत ज्याचे समाधान होत नाही, त्याला अवघे द्वीप मिळाले तरी ते अपुरेच पडेल.

आता शुक्राचार्य पुढे येतात. दैत्यांच्या या गुरूने याचकाला ओळखले होते. त्यांचा उपदेश म्हणजे एका मुरब्बी दिवाणजीचा सल्लाच आहे. ते सांगतात, संपत्तीचे पाच भाग करावेत. धर्मासाठी, कीर्तीसाठी, पुन्हा धन मिळवण्यासाठी, उपभोगासाठी आणि स्वजनांसाठी. सगळेच देऊन टाकणारा उद्या जगणार कशावर? एवढ्यावर न थांबता ते असत्य क्षम्य ठरण्याचे प्रसंगही मोजून दाखवतात. थट्टेत, विवाहप्रसंगी, प्राणसंकटात आणि उपजीविकेसाठी बोललेले खोटे निंद्य नसते, असे ते म्हणतात. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला यातला ‘उपजीविकेसाठी’ हा शब्द टोचल्याशिवाय राहत नाही. पेठेत ही सवलत रोज कोणी ना कोणी घेत असतो.

बळीला गुरूचा युक्तिवाद खोटा वाटला नाही. गृहस्थाचा धर्म तुम्ही योग्यच सांगितलात, असे तो आधी मान्य करतो. पण देतो म्हणून सांगितलेले आता नाही म्हणणे त्याला शक्य नव्हते. पृथ्वी सारा भार सोसते, असत्य बोलणाऱ्याचा तेवढा तिला सोसवत नाही, असे त्याचे म्हणणे. गुरूने शाप दिला. त्याने तोही घेतला आणि उदक सोडले.

उदक सोडण्याच्या त्या क्षणाभोवती लोककथेने एक चतुर प्रसंग गुंफला आहे. शुक्राचार्य सूक्ष्म रूप घेऊन झारीच्या तोंडात जाऊन बसले, म्हणून पाणी पडेना. वामनाने दर्भाची काडी आत सारली आणि त्यांचा एक डोळा गेला. चांगल्या कामात आतून अडथळा आणणाऱ्याला मराठीत ‘झारीतला शुक्राचार्य’ म्हणतात, तो इथूनच. मला मात्र या शुक्राचार्यांची थोडी कणव येते. त्यांचा हिशेब बरोबर होता.

पुढची कथा सर्वश्रुत आहे. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापले, तिसऱ्यासाठी बळीने मस्तक पुढे केले. वरुणपाशांनी बांधलेल्या त्या राजाला सुतल लोकाचे राज्य मिळाले, पुढील सावर्णि मन्वंतरात इंद्रपद मिळण्याचे वचन मिळाले आणि ज्याने त्याला जिंकले तो विष्णू त्याचा द्वारपाल होऊन राहिला. परंपरा असेही सांगते की चतुर्दशी, अमावास्या आणि प्रतिपदा हे तीन दिवस पृथ्वीवर बळीचे राज्य असेल आणि त्या दिवसांत जो दिवे लावील त्याच्या घरी लक्ष्मी स्थिर राहील, असा वर बळीने मागून घेतला. हरलेल्याने स्वतःसाठी तीन दिवस मागितले आणि त्यांत लोकांच्या घरांतला उजेड मागितला, हे मला या कथेतले सर्वांत हृद्य स्थळ वाटते.

पाडव्याचे विधी या आठवणीवरच उभे आहेत. पहाटे अभ्यंगस्नान होते. अंगणात किंवा देवघरापुढे पाच रंगांच्या रांगोळीने बळी आणि त्याची राणी विंध्यावली यांची चित्रे काढून पूजतात. काही गावांत शेणाच्या आकृती करून त्यांवर झेंडूची फुले खोचतात. राजाची पूजा राणीसह होते, आणि पती-पत्नीच्या ओवाळणीचा दिवसही हाच. पत्नी पतीला ओवाळते, तो तबकात ओवाळणी घालतो. नव्या जावयाचा पहिला दिवाळसण बहुधा या मुहूर्तावर येतो. गाईबैलांना ओवाळून गोडाचा घास देतात. उत्तरेकडे याच तिथीला गोवर्धनपूजा व अन्नकूट होतो आणि गुजरातेत बेसतुं वर्ष म्हणून नववर्षाच्या भेटी होतात. या तिथीला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. शिवपार्वतींच्या सारीपाटाचा दाखला देऊन या दिवशी द्यूत खेळावे, असे जुन्या ग्रंथांत सांगितले आहे. सप्तव्यसनांत द्यूत पहिले मोजणाऱ्या आपल्या घरांनी तेवढा भाग शेजाऱ्यांवर सोपवला, हे बरेच झाले.

मराठीत शेतकऱ्याला बळीराजा म्हणतात. घामाने पिकवून दुसऱ्याच्या ताटात घालणारा, आणि पुष्कळदा स्वतः पायाखाली जाणारा. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त या कथेचा अर्थच फिरवला. त्यांच्या लेखी बळी हा या भूमीचा न्यायी, रयतेचा राजा होता आणि वामन हा कपटाने ते राज्य बुडवणारा. एवढे मोठे तत्त्वज्ञान गावातल्या आयाबहिणींना ठाऊक असो वा नसो, दिवा हातात घेऊन बळीच्या राज्याची याचना त्या करीतच आल्या आहेत. केरळात तर बळीच्या आगमनाचा उत्सव हाच वर्षातला सर्वांत मोठा सण आहे. चिंगम महिन्यात, अत्तम नक्षत्रापासून दहा दिवस अंगणात फुलांची रांगोळी घालतात आणि तिरुओणमच्या दिवशी महाबली प्रजेला भेटायला येतो असे मानतात. ‘तिरुओणम’ हे श्रवण नक्षत्राचे मल्याळी नाव.

हेच श्रवण नक्षत्र आपल्या कथेतही आहे. मिथिलेच्या आचार्यांना रात्री ते आकाशात थरथरताना दिसले आणि कोठे तरी मुनिसंघावर घोर उपसर्ग चालू आहे, हे त्यांनी जाणले. तो हस्तिनापुरात चालू होता. उज्जयिनीचा मंत्री बली वादात श्रुतसागर मुनींकडून हरला, रात्री त्यांच्यावर शस्त्र उचलले म्हणून राजाने त्याला हद्दपार केले, आणि तो आपल्या तीन सोबत्यांसह हस्तिनापूरच्या पद्मराजाकडे आला. तेथे एका पराक्रमाबद्दल राजाने त्याला वर दिला. तो त्याने मागे ठेवला. अकंपनाचार्यांचा सातशे मुनींचा संघ चातुर्मासासाठी हस्तिनापुरास येताच त्याने सात दिवसांचे राज्य मागून घेतले आणि ध्यानस्थ मुनींभोवती यज्ञाच्या नावाने आग पेटवली. पद्मराजाचे बंधू विष्णुकुमार मुनी विक्रिया ऋद्धीचे धारक होते. त्यांनी मुनिपद क्षणभर बाजूला ठेवून बटूचे रूप घेतले व तीन पावले भूमी मागितली. एक पाऊल मेरूवर, दुसरे मानुषोत्तर पर्वतावर, तिसऱ्याला जागा उरली नाही. बली शरण आला आणि त्याने श्रावकव्रते घेतली. विष्णुकुमारांनीही प्रायश्चित्त घेऊन पुन्हा तपाचा मार्ग धरला. धुराने मुनींचे कंठ होरपळले होते, म्हणून नगरजनांनी त्यांना मऊ शेवयांचा आहार दिला. श्रावणी पौर्णिमेला आपल्याकडे शेवयांची खीर होते ती या स्मरणाने. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त वात्सल्य अंगाचा आदर्श म्हणून विष्णुकुमारांचेच नाव आहे. श्वेतांबर परंपरेत, हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त, हाच प्रसंग नमुची नावाच्या मंत्र्यावर आला आहे. त्या परंपरेतील नऊ प्रतिवासुदेवांच्या नामावळीत बली आहे, तो आणखी निराळा.

आणि त्याच पौर्णिमेला शेजारच्या घरी राखी बांधताना जो मंत्र म्हणतात, त्यात दानवेंद्र बळीचे नाव येते. विष्णूला सुतलातून सोडवून नेण्यासाठी लक्ष्मीने बळीला राखी बांधली, अशी तिकडची कथा.

दोन्ही कथांत बटू तोच, मागणे तेच, पावलेही तीनच. पण वचनाचे वजन दोहोंत सारखे नाही. भागवतातला बळी वचन पाळून मोठा होतो. आपल्या कथेतला पद्मराजाही वचन पाळतो, आणि म्हणून सात दिवस अंतःपुरात हात बांधून बसतो. बाहेर मुनी होरपळत असतात. त्यांना वाचवायला जो येतो, त्याला आपल्या पदाची मर्यादा ओलांडावी लागते. दिलेला शब्द आणि त्या शब्दाने तिसऱ्याचेच होणारे नुकसान, हा पेच पेढीवर बसणाऱ्याला नवा नाही. साठ्याचा सौदा ठरतो दोघांत, भूक लागते तिसऱ्याला.

हे सारे त्या सकाळी मला ठाऊक नव्हते. तात्यांनी माझ्याकडे पाहिले, हसले आणि म्हणाले, “आसंल बाळ, तुमचा बळी तसा आसंल. आमचा न्हवता.” मग त्यांनी अकरा रुपये गादीवर ठेवले. आजोबांनी ते कपाळाला लावून पेटीत टाकले, कीर्दीत जमा लिहिले, आणि मला जवळ बसवून जुनी खतावणी उघडली. एका पानावर एक नाव होते, चार पानांनंतर अक्षर न् अक्षर तेच नाव. एकापुढे ‘वाडीचा’ लिहिले होते, दुसऱ्यापुढे ‘मळ्याचा’. “एकाची बाकी दुसऱ्याच्या नावे टाकली, तर काय होईल?” त्यांनी विचारले. मी तात्यांच्या पाया पडलो. त्यांनी खिशातून शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या.

पद्मराजाचे कोडे मला पुष्कळ वर्षांनी पडले. आजोबा तेव्हा थकले होते, पण पाडव्याची पहिली ओळ अजून स्वतः लिहीत. रात्री पणत्यांत तेल घालता घालता मी विचारले, “पद्मराजाने शब्द मोडायला हवा होता का?” त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. वही कापडात गुंडाळली, दोरी बांधली, उंबऱ्यावरची विझत आलेली पणती पुन्हा पेटवली. “शब्द देतानाच विचारायला हवं होतं,” ते म्हणाले, “कशासाठी मागतोस म्हणून.” मग थोड्या वेळाने, “पण बळीनं तरी कुठं विचारलं?” आणि उद्या भाऊबीज, बहिणीकडे लवकर निघायचे आहे, म्हणून आत गेले.