खेळण्यातील जुन्या आगगाड्या : छंद की गुंतवणूक?

जुनी वस्तू घासून-पुसून, रंगाचा हात मारून विकायची, ही कारागिराची नेहमीची रीत. चकाकी आली की भाव वाढतो. पण एक बाजार असा आहे की जेथे नवा रंग दिला की मालाची किंमत घसरते. तो म्हणजे युरोप-अमेरिकेतील खेळण्यातील जुन्या आगगाड्यांचा बाजार. दुर्मिळ वस्तूंत पैसा गुंतवू इच्छिणाऱ्यांनी त्याचे नियम समजून घेणे उपयुक्त ठरेल.

माल कोणता?

या बाजारात तीन नावे प्रमुख आहेत. पहिले जर्मनीतील मेर्कलिन. १८५९ साली सुरू झालेल्या या कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत ठराविक मापाच्या रुळांवर धावणारी चावीची गाडी मांडली. माप ठरल्यामुळे एकदा गाडी नेलेले गिऱ्हाईक डबे आणि रूळ घ्यायला पुन्हा दुकानात येऊ लागले. दुसरे नाव अमेरिकेतील लायनेल (१९००). तिसरे इंग्लंडमधील हॉर्नबी. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९२० पासून या नावाच्या गाड्या काढल्या.

भाव कशामुळे येतो?

केवळ जुनेपणामुळे नव्हे. १९५७ मध्ये लायनेलने खास मुलींसाठी गुलाबी इंजिनाची गाडी काढली. ती चालली नाही. खपच कमी, म्हणून लोकांच्या घरी थोड्याच गाड्या उरल्या. आज संग्राहक तिला चढा भाव देतात. उलट, त्या काळी भरपूर खपलेल्या गाड्या आजही भरपूर मिळतात, म्हणून स्वस्त आहेत.

दुसरी अट मूळ स्थितीची. मूळ रंग, मूळ सुटे भाग आणि पुठ्ठ्याचा मूळ खोकासुद्धा असेल तर भाव चांगला येतो.

धोके

१) बनावट माल : साध्या इंजिनाला गुलाबी रंग देऊन ते अस्सल म्हणून खपवले जाते.

२) धातूचा रोग : महायुद्धापूर्वीच्या काही गाड्यांचे भाग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव आहेत. त्यात शिशाचा अंश मिसळला असेल तर धातू फुगतो, तडकतो आणि शेवटी त्याचा भुगा होतो. १९३८ साली निघालेल्या हॉर्नबी डब्लो गाड्यांतही हा दोष आढळतो. त्यावर इलाज नाही.

३) गिऱ्हाईक : बहुतेक खरेदीदार लहानपणी याच गाड्यांशी खेळलेले. ती पिढी सरत चालली की सामान्य मालाची मागणीही ओसरते.

४) अडकलेले भांडवल : या मालाला ना भाडे, ना व्याज. समजा, १० हजारांची गाडी १० वर्षांनी १५ हजारांना विकली. लिलावाचे कमिशन १५ टक्के धरले तर २,२५० रुपये गेले. हाती उरले १२,७५०. म्हणजे नफा वर्षाला सरासरी २७५ रुपये!

तात्पर्य

आवड आणि पारख असेल, तर बाजूला पडलेला थोडा पैसा यात घालायला हरकत नाही. मात्र दुकानाचे खेळते भांडवल किंवा उसने घेतलेली रक्कम यात मुळीच अडकवू नये. आणि घेतलाच, तर माल आहे तसा जपावा. रंगाचा ब्रश त्याला लावू नये.