वणवा किती एकर, नुकसान किती?

होळी जवळ आली की कर्नाळा, प्रबळगड, माथेरानच्या उतारांवर रात्री लाल रेघ दिसू लागते. सकाळी चावडीवर पहिला प्रश्न असतो, "किती एकर गेलं?" हा आकडा हवाच. पण नुसत्या एकरांवरून नुकसान कळत नाही.

दोन बेटांची उदाहरणे पाहा. न्यूझीलंडमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये ओहाऊ तलावाजवळ गवत आणि झुडपांचा सुमारे ५ हजार हेक्टर मुलूख जळाला. घरे गेली, पण माणूस एकही दगावला नाही. हवाई बेटांतील लहैना येथे ऑगस्ट २०२३ मध्ये हजार हेक्टरही जळाले नाही, तरी शंभरावर माणसे गेली. तिथं उसाचे मळे बंद पडून जमिनी पडीक होत्या. त्यात माजलेलं वाळकं गवत गावाला भिडलं होतं, आणि त्या दिवशी वारा सोसाट्याचा होता.

आता आपल्याकडं पाहा. पनवेल भागात विकलेल्या, न कसलेल्या जमिनी किती पडून आहेत, हे तुम्हीच जाणता. पावसाळा सरला की डोंगरापासून बांधापर्यंत सुकं गवत सलग असतं. त्याला लागूनच पेंढ्याची उडवी, गोठा, आदिवासी वाडी.

डोंगरावरचं नुकसानही कमी नाही. फेब्रुवारी-मार्चच्या आगीत करवंदाचा मोहोर जळतो आणि ठाकूर-कातकरी भगिनींची उन्हाळ्याची पाटी रिकामी राहते. झुडपं मुळापासून पुन्हा फुटतात खरी. पण दरसाल जळलं की लहान रोपं मरतात, गवत तेवढं वाढतं आणि पुढचा वणवा सोपा होतो. "जाळलं की चारा चांगला येतो" असं काहीजण म्हणतात. कोंब लवकर येतात हे खरं, पण उघड्या डोंगराची माती पहिल्या पावसात वाहून ओढ्यात आणि आपल्याच खाचरात येते.

म्हणून जानेवारीअखेर घर, गोठा, उडवीभोवतीचं गवत कापून जाळरेषा काढा. वनहद्दीत ती वनरक्षकाला विचारूनच काढावी. राब सकाळी, वारा पडलेला असताना भाजा. भोवतालचा पट्टा साफ करा, पाणी जवळ ठेवा आणि निखारा विझेपर्यंत जागा सोडू नका. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. वणवा दिसताच वनखात्याला १९२६ क्रमांकावर कळवा.

ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील यांना विनंती. एकरांच्या शेजारी आणखी चार ओळी लिहा: काय जळलं, गेल्या वर्षी तीच जागा जळली होती का, आग कुठून आली आणि वस्तीपासून किती अंतरावर थांबली. पुढच्या वर्षीची जाळरेषा कुठे काढायची, ते या नोंदीवरून ग्रामसभेला ठरवता येईल.