दाढेच्या मुळातले काम

दाढेला कीड लागली असे मराठीत म्हणतात, आणि हा शब्दप्रयोग एके काळी शब्दशः घेतला जात असे. दाढेत खरोखरच अळी शिरली आहे अशा समजुतीने भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन ती पाडण्याचा उपाय खेडोपाडी केला जाई. अळी नसली तरी पोखरणारे सजीव असतात. तोंडातील जिवाणू साखरेच्या व पिष्टमय अन्नाच्या कणांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने आधी एनॅमल, म्हणजे दाताचे बाह्य कवच, विरघळू लागते. शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ एकदा भेदला गेला की आतल्या डेंटिनच्या थरात कीड झपाट्याने पसरते, कारण त्या थरात असंख्य सूक्ष्म नलिका असतात आणि त्या थेट दाताच्या गाभ्याकडे जातात. या गाभ्याला दंतमज्जा म्हणतात. दंतवैद्यांच्या रोजच्या बोलण्यात तो ‘पल्प’ असतो. रक्तवाहिन्या, मज्जातंतू आणि मऊ ऊती यांनी बनलेली ही दंतमज्जा दाताच्या माथ्याखालच्या पोकळीत आणि तेथून मुळांमध्ये उतरणाऱ्या अरुंद वाहिन्यांत राहते. या वाहिन्या म्हणजेच ‘रूट कॅनल’.

दाढदुखी इतकी असह्य का होते, याचे उत्तर या रचनेत आहे. शरीरात अन्यत्र सूज आली की त्वचा ताणली जाते आणि सुजलेल्या भागाला जागा मिळते, परंतु दंतमज्जा चारही बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेली असल्यामुळे वाढलेला दाब तिच्यावरच उलटतो. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्तदाब किंचित वाढतो आणि म्हणून दिवसा सोसलेली दाढ रात्री झोपू देत नाही. आणखी एक गोष्ट रुग्णाला गोंधळात टाकते: दंतमज्जेला वेदना कळते, जागा कळत नाही. त्यामुळे खालची दाढ किडलेली असताना रुग्ण वरच्या दाढेवर बोट ठेवतो, आणि प्रामाणिकपणे ठेवतो. संसर्ग मुळाच्या टोकाबाहेर पोहोचला की मात्र दुखरी दाढ नेमकी ओळखू येते, कारण मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो व त्याला दाबाची, स्पर्शाची आणि ठिकाणाची जाण असते. पेरिओडोंटल लिगामेंट या नावाचा हा थर सरासरी 0.2 मिलिमीटर जाडीचा असतो, पण भाकरीतला बारीकसा खडा दाताखाली येताच जबडा थबकतो तो प्रामुख्याने त्याच्यामुळे. दंतमज्जा मेली तरी हा थर जिवंत राहू शकतो, त्याला रक्तपुरवठा हाडाच्या बाजूने होत असतो. रूट कॅनल झालेल्या दाताला ‘मेलेला दात’ म्हणण्याची रीत म्हणूनच चुकीची आहे. तो दात बाहेरून जगत असतो, आणि त्याला राखण्याचे सारे मोल या बाहेरच्या जगण्यात आहे.

मेडिकलमधून गोळ्या आणून दुखणे लांबवण्याची सवय आपल्याकडे फार आहे आणि तिच्यामुळे कितीतरी दाढा हातच्या जातात. अँटिबायोटिक रक्तातून प्रवास करते, आणि मेलेल्या दंतमज्जेत रक्तच पोहोचत नाही. गोळ्यांनी बाहेरचा फैलाव काही काळ आटोक्यात येईल, पण आतला जंतूंचा साठा तसाच राहतो. 1965 साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगाने या साठ्याचे महत्त्व निर्विवाद केले. पूर्णपणे जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या आणि सामान्य अशा दोन्ही उंदरांच्या दाढांची दंतमज्जा त्यांनी उघडी केली. सामान्य उंदरांत ती सडली, तर जंतुमुक्त उंदरांत जखमेवर डेंटिनचा नवा पूल तयार होऊन ती भरून आली. त्याआधीचा काळ दातांसाठी वाईट होता. 1910 साली माँट्रिअल येथे विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने दिलेल्या व्याख्यानानंतर, दातांतील संसर्गातून साऱ्या शरीराचे रोग उद्भवतात या मताने जोर धरला आणि पुढची काही दशके वाचवता आले असते असे दातही सरसकट उपटले गेले.

उपचाराचे प्रत्यक्ष रूप पाहण्यासाठी खालची पहिली कायमची दाढ घेणे सोयीचे, कारण वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी ही दाढ पुष्कळदा दुधाची समजून दुर्लक्षिली जाते आणि किडते. प्रथम जबड्यातील मज्जातंतूजवळ भुलीचे इंजेक्शन दिले जाते. सुजलेल्या ऊती आम्लधर्मी झालेल्या असल्यामुळे तेथे भुलीचा परिणाम कमी होतो, आणि अशा वेळी जादा इंजेक्शन देणे हा कामाचा भाग असतो. रुग्णाने दुखणे निमूटपणे सोसत बसण्याचे कारण नाही. मग दाढेभोवती रबर डॅम, म्हणजे भोक पाडलेला रबराचा पातळ पडदा, चिमट्याने बसवतात. सॅनफर्ड बार्नम या अमेरिकी दंतवैद्याने 1864 साली काढलेल्या या युक्तीमुळे लाळ व तिच्यातील जंतू कामाच्या जागेपासून दूर राहतात आणि बारीक हत्यारे घशात पडण्याचा धोका टळतो. ज्या उपचाराचा सारा हेतू जंतू काढणे हा आहे, तो लाळेत भिजत करणे कोणत्याही सबबीने समर्थनीय ठरत नाही.

ड्रिलने किडलेला भाग काढून पोकळीचे छत उघडले की तिचा तळ दिसतो. हा तळ भिंतींपेक्षा काळपट असतो आणि त्यावरच्या गडद रेषा एका मुळाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे जातात. अनुभवी दंतवैद्य त्या रेषा नकाशासारख्या वाचतो. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा दोन मुळे असतात, परंतु पुढच्या मुळात दोन आणि मागच्या मुळात एक किंवा दोन, अशा तीन-चार वाहिन्या शोधाव्या लागतात, आणि एक जरी राहून गेली तरी तेथला संसर्ग पुन्हा डोके वर काढतो. पहिली फाइल, म्हणजे वाहिनी घासून मोकळी करणारे सुईसारखे हत्यार, 8 किंवा 10 क्रमांकाची असते. 10 क्रमांकाच्या जांभळ्या मुठीच्या फाइलचे टोक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतके असते. घड्याळाला चावी द्यावी तशी ती उलटसुलट जराजरा फिरवत खाली नेतात. येथून पुढे डोळ्यांना फारसे दिसत नाही. वळण कुठे आहे, अडथळा कठीण आहे की मऊ, हे बोटांच्या टोकांना कळते. खोली मोजण्यासाठी एपेक्स लोकेटर वापरतात. त्याची एक तार ओठाला आणि दुसरी फाइलला जोडलेली असते, फाइल मुळाच्या टोकाजवळ आली की विद्युत्‌रोधातील बदल ओळखून यंत्र सूचक आवाज करते, आणि त्या मापाच्या अर्धा-एक मिलिमीटर अलीकडे थांबायचे असते. फाइलवरचा रबराचा छोटा छल्ला त्या मापावर सरकवला की पुढचे सारे काम त्याच्या आज्ञेत चालते.

वाकड्या मुळांत स्टीलची जाड फाइल सरळ होऊ पाहते आणि भिंत पोखरते. निकेल-टायटेनियम या लवचीक मिश्रधातूच्या फाइलींचा पहिला अभ्यास 1988 साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर मोटरवर चालणाऱ्या फाइली आल्या आणि वळणाची मुळेही सुरक्षितपणे रुंदावता येऊ लागली. या सुधारणेमुळे एक गैरसमज मात्र बळावला, की सफाई फाइल करते. स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच हजारो दातांच्या पोकळ्यांत रबर भरून, वरचा दात विरघळवून जे साचे मिळवले, ते नदीच्या फाट्यांसारखे होते: आडवे फाटे, जोडवाहिन्या, टोकाशी फुटलेल्या शाखा. आधुनिक सूक्ष्म सीटी तपासणीने दाखवले आहे, की कोणतीही फाइल वापरली तरी भिंतीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग तिच्या स्पर्शाविना राहतो. तेथपर्यंत जाते ते द्रावण. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पहिल्या महायुद्धात जखमा धुण्यासाठी डेकिन यांनी सौम्य रूपात वापरलेले आणि घरगुती ब्लीचमध्येही असणारे रसायन, जंतू मारते आणि मृत ऊती विरघळवते. दवाखान्यात या टप्प्याला येणारा क्लोरीनचा वास त्याचाच. बाजूने छिद्र असलेल्या सुईतून, जोर न देता, ते पुन्हापुन्हा सोडतात, कारण मुळाच्या टोकाबाहेर गेल्यास तीव्र वेदना व सूज येते. रुग्णाला हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, कारण ड्रिल थांबलेले असते आणि काही घडताना दिसत नाही. पण दाढ वाचते ती मुख्यतः या शांत मिनिटांत. फाइल वाट मोकळी करते, ती द्रावण आत उतरावे म्हणून.

धुऊन, कागदी काड्यांनी कोरड्या केलेल्या वाहिन्यांत शेवटी सीलरसह गटापर्चा भरतात. मलाया द्वीपकल्प व आसपासच्या प्रदेशांतील झाडांच्या चिकाचा हा पदार्थ तापवल्यावर मऊ आणि थंड झाल्यावर घट्ट होतो. 1870 साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबई ते एडन जी सागरी तार टाकली, तिच्यावरचे आवरणही याचेच होते. समुद्राचे पाणी तांब्यापर्यंत जाऊ न देणारा गुण दाढेच्या मुळातही कामी येतो.

त्यावर कॅप बसवणे पुढे ढकलू नये. दाढ आतून ‘सुकते’ म्हणून ती फुटते असे म्हटले जाते, पण खरे कारण छत आणि भिंती गमावल्याने आलेला अशक्तपणा हे आहे, आणि कॅपने तिला चहूबाजूंनी कवेत घेतले नाही तर चावताना ती उभी चिरते. मूळच उभे चिरलेले असेल, किंवा हिरडीच्या वर कॅप धरून ठेवण्यापुरती, म्हणजे दीड-दोन मिलिमीटरचीही भिंत उरली नसेल, तर दाढ काढण्याचा निर्णय प्रामाणिकपणे घ्यावा लागतो. उरलेल्या बहुतेकांच्या बाबतीत प्रतीक्षा करायची असते. मुळाच्या टोकाशी हाड विरघळून एक्स-रेत जो काळा डाग दिसत होता, तो काही महिन्यांत आक्रसू लागतो, कधी वर्षभराने तर कधी त्याहून उशिरा भरून येतो, आणि मुळाभोवती एक अतिशय बारीक काळी रेषा अखंड दिसू लागते. ती लिगामेंटची जागा असते. दाढ त्या धाग्यावर पुन्हा हाडात तोललेली असते.