माहुलीला मुक्कामी जाताना स्टोव्ह न्यायचा का?

(या भागाचं थोडं आवरलेलं शब्दांकन. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी.)

गेल्या महिनाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "काका, आई-बाबांना माहुलीला मुक्कामी न्यायचंय, हलका स्टोव्ह कुठला घेऊ?" कोणी पंचवीस ग्रॅमच्या टायटॅनियम बर्नरचा फोटो पाठवतं, कोणी कोल्ड्रिंकच्या कॅनमधून केलेल्या स्पिरिटच्या चुलीची रील. मी बासष्टचा, वाशिंदला राहतो, आणि यातलं बरंचसं आधी गच्चीवर आणि मग डोंगरावर वापरून बघितलंय. म्हणून उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. एका रात्रीच्या ट्रेकला साठीच्या माणसाचं ओझं वाढवतं ते पाणी. स्टोव्ह त्या मानाने किरकोळ. आणि तुम्ही लोकलने येणार असाल, तर स्टोव्हचं वजन बघायच्या आधी रेल्वेचा कायदा बघावा लागतो.

आधी तराजू काढू. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि सॅकमधली एकेक वस्तू त्याच्यावर ठेवा. वेबसाइटवर लिहिलेल्या वजनावर जाऊ नका, पिशवी-पट्टे धरून मोजा. माझी हिवाळ्यातली एका मुक्कामाची सॅक अशी भरते: रिकामी सॅक ९०० ग्रॅम, स्लीपिंग बॅग ९००, फोमची मॅट ३५०, विंडचीटर २५०, जादा कपडे ७००, खाणं ८००, हेडटॉर्च ८०, औषधं-पट्ट्या १५०. झाले ४ किलो १३० ग्रॅम. स्टोव्हचा सगळा संसार, म्हणजे ७५ ग्रॅमचा बर्नर, गॅसचा छोटा डबा, एक पातेलं आणि लायटर, मिळून ४१० ग्रॅम. आणि पाणी चार लिटर, म्हणजे चार किलो. बेरीज साडेआठ किलोच्या जरा वर.

आता गंमत बघा. या ओझ्यात स्टोव्ह शेकडा पाच आणि पाणी शेकडा सत्तेचाळीस. तुम्ही ७५ ग्रॅमचा बर्नर टाकून २५ ग्रॅमचा घेतलात, दोन हजार रुपये खर्च केलेत, तर वाचले ५० ग्रॅम. म्हणजे दोन घोट पाणी. हलक्या सामानाच्या व्हिडिओंमध्ये हे कोणी बोलत नाही, कारण बरेचसे व्हिडिओ जिथे दर तासाला ओढा लागतो अशा देशांतले असतात. आपल्या डोंगरात दिवाळीनंतर ओढे आटायला लागतात.

वजनाचा एवढा किस कशासाठी पाडायचा, तर गुडघ्यांसाठी. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या मेसियर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक अभ्यास छापला. गुडघ्याची झीज असलेली, वजन जास्त असलेली वयस्कर माणसं त्यांनी तपासली. अंगाचं वजन एक किलो कमी झालं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो, असं त्यात दिसलं. हा हिशेब अंगाच्या वजनाचा आहे, सॅकला तो जसाच्या तसा लावता येणार नाही, पण ओझ्याचा मार गुडघ्यावर वाढीव बसतो एवढं त्यातून कळतं. आणि माहुली साधारण २,८०० फुटांची आहे. चढताना दम लागतो, तो बसून जातो. उतरताना जे होतं ते दुसऱ्या दिवशी संडासला बसताना कळतं, स्पष्टच बोलतो.

म्हणून खरेदीची सुरुवात स्टोव्हपासून करू नका, काठ्यांपासून करा. १९९९ मध्ये ऑस्ट्रियातल्या श्वामेडर आणि मंडळींनी उतारावर काठ्या घेऊन आणि न घेता चालणाऱ्यांच्या गुडघ्यावरचा भार मोजला. काठ्यांमुळे तो पाव हिश्श्यापर्यंत कमी होत होता. दोन काठ्या हव्यात, एक नाही. कार्बनच्याच पाहिजेत असं काही नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या चालतात, चांगला बांबूही चालतो. फक्त माहुलीच्या वरच्या टप्प्यात लोखंडी शिडी आहे, तिथे दोन्ही हात मोकळे लागतात. घडी घालून सॅकला अडकवता येणाऱ्या काठ्या तिथे सोयीच्या. आणि शिडीवर सॅक मागे ओढते, त्यामुळे छातीचा पट्टा लावल्याशिवाय आई-बाबांना शिडीला हात लावू देऊ नका.

आता पाणी. गडावर टाकी आहेत, पण थंडी सरली की त्यांचा भरवसा धरू नये. निघण्याआधी पायथ्याच्या माहुली गावात फोन करून विचारायचं. टाक्यात पाणी असेल तर खालून चार लिटर नेण्याऐवजी अडीच लिटर न्या आणि वर गाळून घ्या. पोकळ तंतूंचा फिल्टर मिळतो, सॉयरचा स्क्वीझ ८५ ग्रॅमचा आहे. तो बॅक्टेरिया आणि अमिबासारखे जंतू अडवतो, विषाणू अडवत नाही, म्हणून वर क्लोरीनचे थेंब टाकायचे आणि अर्धा तास थांबायचं. ८५ ग्रॅम उचलून दीड किलो वाचतं. हा खरा हलकेपणा.

"उकळून घेतलं तर?" हिशेब करू. अर्धा लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण १५५ किलोज्यूल उष्णता लागते. ब्युटेनच्या एका ग्रॅममध्ये ४५ च्या आसपास किलोज्यूल असतात. कागदावर साडेतीन ग्रॅम गॅस पुरला पाहिजे, पण जवळपास निम्मी उष्णता हवेत जाते, तेव्हा सात ग्रॅम धरा. चार लिटर उकळायचे तर छप्पन्न ग्रॅम, म्हणजे शंभर ग्रॅमचा डबा अर्ध्याहून जास्त संपला. शिवाय ते पाणी निवेपर्यंत बसून राहायचं. एक गोष्ट मात्र वयस्कर माणसांच्या बाबतीत विसरू नका: वय वाढतं तशी तहान लागल्याची जाणीव कमी होते. "मला नाही लागली तहान" या आईच्या बोलण्यावर जाऊ नका, दर अर्ध्या तासाला बाटली पुढे करा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता लोकलचा मुद्दा. मुंबई-ठाण्याहून येणारे बहुतेक जण कसारा किंवा आसनगाव लोकल पकडतात. वाशिंद गेलं की पुढचं आसनगाव, तिथून रिक्षाने माहुली गाव. रेल्वेच्या डब्यात गॅसचा डबा, रॉकेल, स्पिरिट असं पेट घेणारं काहीही न्यायला बंदी आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "छोटासा डबा आहे काका, कोण बघतंय?" असं मला तोंडावर सांगणारी पोरं आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई स्थानकाजवळ उभ्या असलेल्या पर्यटकांच्या डब्याला पहाटे आग लागली. प्रवाशांनी चोरून आणलेला गॅस सिलिंडर डब्यात होता. नऊ माणसं गेली. तो सिलिंडर आपल्या डब्यापेक्षा मोठा होता, हे खरं. पण सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये पायात सॅक घेऊन उभं राहिल्यावर लहान-मोठा हा वाद मला घालावासा वाटत नाही. एसटीतही हाच नियम. हिमालयात जाणार असाल तर विमानात गॅस ना हातातल्या बॅगेत चालतो, ना चेक-इनमध्ये. तो तिकडे पोचल्यावरच विकत घ्यायचा.

म्हणजे स्टोव्हचा विषय राहिला स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांपुरता. माहुलीला किंवा मुरबाडकडून वैशाखऱ्याला जाऊन नाणेघाट चढणाऱ्यांपुरता. त्यांच्यासाठी पुढचं.

गच्चीवरची चाचणी तुम्हीही करू शकता. तेच पातेलं, तेच अर्धा लिटर पाणी, झाकण ठेवून. आधी डबा काट्यावर ठेवून वजन लिहा, पाणी उकळलं की पुन्हा वजन करा. मग तेच सगळं टेबल फॅन लावून करा. सगळी माहिती त्या पंख्यात आहे. बंद खोलीत २५ ग्रॅमचा बीआरएस बर्नर झकास चालतो, पंखा लावला की ज्योत पातेल्याखालून पळते आणि पाणी नुसतं कोमट होत बसतं. माहुलीच्या माथ्यावर संध्याकाळी वारा असतोच. थोडा जड, ज्योत आत खोल असलेला बर्नर तिथे कमी गॅस खातो. वारा अडवायला दगडाचा आडोसा घ्या, पण डब्यावर बसणाऱ्या बर्नरला पत्र्याचं कडं चहूबाजूंनी गुंडाळू नका. डबा तापतो आणि फुटू शकतो. आणि तंबूच्या आत स्टोव्ह कधीच नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

महागड्या गॅसबद्दल एक सांगतो. डब्यावर "चारही ऋतूंसाठी" लिहिलेलं असतं, त्यात प्रोपेन आणि आयसोब्युटेन असतं. साधं ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचं थांबतं, म्हणून बर्फात ते मिश्रण लागतं. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्रीही डोंगरावर तेवढी थंडी पडत नाही. केटरिंगवाले वापरतात तो लांबट साध्या ब्युटेनचा डबा आणि योग्य अ‍ॅडॉप्टर सह्याद्रीला पुरतो. रिकामा डबा घरच्या सिलिंडरमधून भरायचे व्हिडिओ आहेत, ते बघूसुद्धा नका.

स्पिरिटची चूल दिसायला गोड, वजन पंधरा ग्रॅम. पण स्पिरिटमध्ये ग्रॅममागे गॅसपेक्षा बरीच कमी उष्णता, म्हणून अर्ध्या लिटरला पंधरा-वीस मिलिलिटर जातं आणि वेळही दुप्पट लागतो. तेही चाललं असतं. माझी खरी हरकत ज्योतीला आहे. दिवसाउजेडी स्पिरिटची ज्योत जवळजवळ दिसत नाही. विझली समजून कोणी वरून स्पिरिट ओततं, नाहीतर पायाचा धक्का लागून जळतं स्पिरिट गवतावर सांडतं. गॅसची निदान चावी बंद करता येते. साठीनंतर उकिडवं बसून, चष्मा सॅकमध्ये राहिलेला असताना, न दिसणारी ज्योत हाताळायची? मी ती चूल गच्चीवरच ठेवली. वयस्कर माणसासाठी स्टोव्ह बघताना मी तीन गोष्टी बघतो: पाय रुंद आहेत का, चावी बोटांना नीट सापडते का, आणि दगडावर बसून पोचता येईल का. ग्रॅम त्यानंतर.

गवताचं मी उगाच घाबरवत नाहीये. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून जास्त माणसं गेली, त्यात बरेचसे ट्रेकर होते. वाळलेल्या गवताच्या उतारावर आग माणसापेक्षा जोरात चढते. आपल्याकडे फेब्रुवारीपासून तसंच गवत असतं. त्यात माहुली तानसा अभयारण्याच्या हद्दीत येते. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे, आणि मुक्कामासाठी वनखात्याला आधी विचारावं लागतं. तेव्हाच स्टोव्हचंही विचारून घ्या. नाणेघाटच्या लेण्यात तर काहीच पेटवू नका. भिंतींवर सातवाहनांच्या काळातला ब्राह्मी शिलालेख आहे, आपल्या मॅगीची काजळी त्यावर नको.

मग खायचं काय? अमेरिकेतले लांब पल्ल्याचे ट्रेकर हल्ली "कोल्ड सोक" म्हणून एक प्रकार करतात. बरणीत शेवया किंवा ओट्स गार पाण्यात भिजवायचे आणि तसेच खायचे. फार मोठा शोध लागल्यासारखे त्याचे व्हिडिओ असतात. आपल्या घरात त्याला दडपे पोहे म्हणतात. पातळ पोहे, दाणे, मीठ-तिखट घरून कालवून न्या, वर गेल्यावर कांदा चिरा, पाण्याचा हबका मारा, लिंबू पिळा. दशम्या दोन दिवस टिकतात. धपाटे, दाण्याची चटणी, गूळपोळी. यातल्या कशालाही पातेलं लागत नाही, घासायला पाणीही जात नाही. १९५५ मध्ये एमा गेटवुड नावाच्या सदुसष्ट वर्षांच्या आजींनी अमेरिकेतली तीन हजार किलोमीटरहून लांब अ‍ॅपलाचियन वाट एकटीने चालून काढली. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, पावसाला न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. खाणं बहुतेक कोरडं.

राहिला चहा. त्यावर कोणाशी वाद घालणार नाही, पहाटे चहा लागतोच. अर्ध्या लिटरचा स्टीलचा थर्मास साधारण ३०० ग्रॅमचा असतो. स्टोव्हच्या संसारापेक्षा हलका, आणि लोकलमध्ये कोणी अडवत नाही. तीन-चार कपांसाठी पुरेसा. संध्याकाळी पायथ्याच्या गावात भरून घेतला तर पहाटे वाफाळता नसेल, पण गरम असतो.

आणि खरं विचाराल तर आई-बाबांना पहिल्यांदा नेताना गडावर मुक्काम करूच नका. गावात सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी आणि अंगणात झोपायला जागा मिळते. स्लीपिंग बॅग, मॅट, जादा कपडे खालीच राहतात. पहाटे पाचला टॉर्च लावून निघायचं, पाठीवर तीन लिटर पाणी, थर्मास आणि दशम्या, सॅक पाच किलोच्या आत. उन्हं चढायच्या आत माथा, दुपारच्या आत खाली. जाण्याआधी पंधरा दिवस त्यांना तेवढीच सॅक देऊन इमारतीचा जिना चढ-उतार करायला लावा, आणि उतरताना ते कठडा कितव्या मजल्यापासून धरायला लागतात तेवढं बघून ठेवा.