आपणांस कोण ढकलते?

आपण एस. टी.त उभे असतो. चालक एकाएकी ब्रेक दाबतो आणि आपण पुढच्या माणसावर आदळतो. आपणांस कोणी ढकलले? कोणीच नाही. थांबली ती गाडी. आपला देह पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहिला. बाहेरून बल लागल्यावाचून वस्तू आपली गती बदलीत नाही, हा न्यूटनने १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त मांडलेला पहिला नियम होय.

आता मोटारीत बसू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. सुमारे ५ मीटर उंचीवरून पडणारा माणूस याच वेगाने जमिनीवर आपटतो! दुसरा नियम सांगतो, की वेग जितक्या अधिक वेळात नाहीसा होईल, तितके बल कमी लागते. कमरेचा पट्टा किंचित ताणला जातो आणि हा वेळ वाढवितो.

मांडीवरच्या मुलाचे काय? १० किलोचे मूल एवढ्या वेगातून ०.१ सेकंदात थांबवावयाचे, तर १०० किलोचे ओझे पेलण्याइतके बल हवे. आईची माया अपार असते. पण तिच्या हातांत एवढे बळ नसते. म्हणून मुलाला त्याचे स्वतंत्र आसन आणि पट्टा हवाच.